जाळी कोणाला विचारून बसवायची?

घरात बाथरूम नव्यानं करायचं निघालं की काय काय बोलणी होतात ते आठवून बघा. टाइल्स कोणत्या रंगाच्या, शॉवर गोल की चौकोनी, कमोड भिंतीला टांगलेला की खाली बसवलेला, आरशामागे दिवा हवा का... आठवडाभर घरात दुसरा विषय नसतो. जाळीबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. जाळी म्हणजे काय, प्लंबर बसवेल की कुठेतरी!

मंडळी, माझं मत बरोबर उलटं आहे. बाथरूममध्ये सगळ्यात आधी जाळीची जागा ठरवावी, बाकी सगळं त्यानंतर. आणि ती ठरवताना घरातल्या दोन माणसांना विचारावं. एक, जो सगळ्यात सावकाश आंघोळ करतो. दुसरा, जो जाळी उचलून त्यातले केस काढतो. गंमत म्हणजे ही दोन माणसं टाइल्सच्या दुकानात बहुतेक वेळा नसतातच. तिथे खरेदीला जातात ती घरातली धडधाकट माणसं.

(एका जाळीवर एवढं लिहितेय म्हणून हसू नका. पुढे वाचा.)

माझं माहेर बारामतीचं आणि आजोळ इंदापूरचं, हे नेहमीच्या वाचकांना आणि अर्थातच नातेवाइकांना माहीत आहे. दोन्ही घरांत वर्षभराच्या अंतरानं बाथरूमचं काम निघालं. आधी इंदापूरला मामांकडे, आणि आता बारामतीला दादाकडे. दादाकडे काम निघालं ते आईमुळे. आई आता चौऱ्याहत्तरची आहे आणि दोन वर्षांपूर्वी तिच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. घर १९८९ चं. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे बाथरूमला चार इंचांचा उंबरठा. तो ओलांडताना आई दोन्ही हातांनी चौकट धरते, एक पाय आत टाकते, थांबते, आणि मग दुसरा पाय ओढून घेते. रोज दोनदा. ओल्या फरशीवर.

मामांकडचं बाथरूम मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खरंच छान वाटलं होतं. राखाडी रंगाच्या, चार बाय दोनच्या मोठ्या चकचकीत टाइल्स, मध्ये काचेचं पार्टिशन, वर ताटाएवढा शॉवर. फोटोत दिसतं तसं. जाळी मात्र जुन्या पाइपाच्या जागीच होती, म्हणजे दाराजवळ, बेसिनच्या खाली. शॉवर एका टोकाला आणि जाळी दुसऱ्या टोकाला. पाणी सगळी खोली फिरून जाळीपर्यंत जाणार, आणि वाटेत काचेच्या पट्टीशी आणि कमोडच्या बुडाशी थोडं थोडं थांबणार. मामी प्रत्येकाच्या आंघोळीनंतर वायपर घेऊन आत जायच्या. ठेकेदाराला सांगितलं तर तो म्हणाला, "उतार दिलाय हो, थोडं पाणी राहतंच."

श्रावणात एके सकाळी मामा त्या थोड्या पाण्यावरून घसरले. डावं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. मामा म्हणतात, माझंच लक्ष नव्हतं. आपल्याकडे बाथरूममध्ये पडलेला प्रत्येक माणूस हेच म्हणतो. मला ते पटत नाही. एकाहत्तर वर्षांच्या माणसानं स्वतःच्या घरात, स्वतःच्या बाथरूममध्ये, लक्ष ठेवून का चालायचं?

तर "थोडं पाणी राहतंच" हे वाक्य आधी तपासून बघू.

गवंड्यांच्या भाषेत उताराचं माप सुतात असतं. एक इंच म्हणजे आठ सूत. आंघोळीच्या जागेला फुटाला दोन सूत उतार असला की पाणी आपल्या पायांनी चालत जातं. शेकड्यात हे माप दोन टक्क्यांच्या आसपास येतं. फुटाला एक सूत दिला तर पाणी जातं, पण रेंगाळत. आणि त्याहून कमी दिला तर टाइल बसवताना झालेला जरासा उंचवटासुद्धा त्याला अडवतो.

आता आमचं बाथरूम घ्या. आठ फूट लांब, पाच फूट रुंद. दार एका टोकाला, बाहेरची भिंत आणि खिडकी दुसऱ्या टोकाला. जाळी दाराशी असेल तर अख्ख्या खोलीचा उतार दाराकडे येणार. म्हणजे प्रत्येक आंघोळीचं पाणी दाराकडेच धावणार. मग ते बाहेरच्या खोलीत जाऊ नये म्हणून दाराला काय लागणार? उंबरठा!

आलं का लक्षात? आईला जो उंबरठा ओलांडता येत नाही, तो कुणी दाराशी हौसेनं बांधलेला नाही. दाराजवळच्या जाळीनं तो बांधायला लावला आहे. जाळी लांबच्या टोकाला, बाहेरच्या भिंतीशी नेली की पाणी दाराकडे पाठ करून जातं, आणि उंबरठ्याची गरजच संपते. पायऱ्या, कठडे, घसरू नये म्हणून रबरी मॅट, पकडायला स्टीलचे दांडे... हे सगळं आपण नंतर विकत आणतो. दांडे जरूर लावावेत, आम्हीही लावणार आहोत. पण आधी फरशी नीट उतरती करावी.

जुन्या घरांतली मोरी आठवा. कोपऱ्यात असायची, बाहेरच्या भिंतीला लागून. शहाबादी फरशी, भिंतीत तळाशी भोक, आणि पलीकडे परसात अळू किंवा केळी. शेजारी बंब, घंगाळ आणि बसायला पाट. पाणी जमिनीपासून हातभर उंचीवरून अंगावर पडायचं आणि दोन-तीन फुटांत भिंतीबाहेर जायचं. त्या मोरीचं मला फार कौतुक आहे असं समजू नका. ती अंधारी असायची, शेवाळानं बुळबुळीत व्हायची आणि घरातल्या बायकांना तिथे आडोसा म्हणून साडीचा पडदा लावावा लागायचा. ती गेली ते बरंच झालं. पण तिची एक गोष्ट शहाणपणाची होती: माणूस बसणार कुठे आणि पाणी जाणार कुठे, एवढं ठरवूनच ती बांधलेली असायची. ही अक्कल फार जुनी आहे. मोहेंजोदडोच्या घरांमधल्या न्हाणीघरांत भाजक्या विटांची घट्ट बसवलेली फरशी सापडली, आणि तीही एका बाजूला उतरती, पाणी नाल्यात जाईल अशी. साडेचार हजार वर्षांपूर्वी!

आणि एक मजा सांगते. फरशीतल्या जाळीखाली जो वाटीसारखा सांगाडा असतो, त्याला भारतभर प्लंबर आणि इंजिनियर लोक 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. इंग्रजीतून शिकवल्या जाणाऱ्या सिव्हिलच्या पुस्तकांतही हाच शब्द आहे. नहाणी, म्हणजे आपली न्हाणीच. शब्द आपल्या घरातून पुस्तकात गेला, आणि आपण मात्र दुकानात जाऊन 'फ्लोअर ड्रेन' मागतो. असो.

या नहाणी ट्रॅपमध्ये नेहमी थोडं पाणी साठून राहतं, साधारण दोन इंच. तेवढं पाणी म्हणजे झाकणच. खालच्या गटाराचा वास, झुरळं आणि हवा त्या पाण्यामुळे वर येत नाही. म्हणून ट्रॅप निवडताना वरच्या जाळीची चमक बघण्याऐवजी आत पाणी किती खोल उभं राहतं ते बघावं. स्वस्तातल्या उथळ ट्रॅपमध्ये जेमतेम बोटभर पाणी राहतं. उन्हाळ्यात घर आठ-दहा दिवस बंद असलं की ते आटतं, आणि मग घर उघडल्याबरोबर तो ओळखीचा वास येतो. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांतल्या उन्हात तर विचारूच नका.

हा नुसता वासाचा प्रश्न नाही. २००३ साली हाँगकाँगमध्ये सार्सची साथ आली, तेव्हा अ‍ॅमॉय गार्डन्स नावाच्या एकाच वसाहतीत तीनशेहून जास्त माणसं आजारी पडली. तपासात बरीच बोटं बाथरूमच्या फरशीतल्या ट्रॅपकडे गेली. लोक फरशी पाण्यानं धूत नव्हते, फडक्यानं पुसत होते, त्यामुळे ट्रॅपमधलं पाणी आटलेलं होतं. बाथरूमचा पंखा लावला की खालच्या पाइपातली दूषित हवा त्या कोरड्या ट्रॅपमधून घरात ओढली जात होती. वाटीभर पाणी नसल्यानं केवढा अनर्थ! तेव्हापासून मी पाहुण्यांच्या बाथरूमच्या जाळीत आठवड्याला एक तांब्या पाणी ओतते. तुम्हीही ओता. पुण्यामुंबईला मुलांकडे राहायला गेलेल्या आईवडिलांची गावाकडची घरं महिनोन् महिने बंद असतात. ती उघडल्यावर झाडू मारायच्याही आधी प्रत्येक जाळीत पाणी ओतावं.

आता जाळी कोणती घ्यायची?

भिगवण रोडच्या एका दुकानात आम्ही सगळे गेलो. दादा, वहिनी, मी आणि आई. आईला मुद्दाम नेलं, ती "मी काय करू तिथे येऊन" म्हणत होती तरी. दादाला हवी होती ती लांबट, पट्टीसारखी जाळी. हल्ली हॉटेलांत असते तशी, भिंतीच्या कडेनं दोन-तीन फूट लांब. त्यातही झाकणावर टाइलचाच तुकडा बसवायचा, म्हणजे जाळी दिसतच नाही, नुसती बारीक फट दिसते.

लांब जाळीची बाजूही नीट मांडायला हवी. तिचा खरा गुण दिसण्यात नाही, उतारात आहे. चौकोनी जाळीला पाणी चारी बाजूंनी आणावं लागतं, म्हणून फरशीला दोन-तीन दिशांचे उतार द्यावे लागतात. मोठ्या टाइल्स तशा वाकत नाहीत, त्या तिरक्या कापाव्या लागतात, आणि नाही कापल्या तर मधेच डबकं राहतं. (मामांकडे हेच झालं.) लांब जाळीला उतार एकाच दिशेचा पुरतो. सगळी फरशी एखाद्या फळीसारखी एका बाजूला कलती केली की झालं. म्हणून मोठ्या टाइल्स घ्यायच्याच असतील, किंवा कुणी चाकाच्या खुर्चीवर बसून आंघोळ करणार असेल, तर लांब जाळी उत्तम.

पण वहिनीनं दुकानातच त्या पट्टीचं झाकण उचललं आणि आत हात घालून पाहिला. हात गेला नाही. चार बोटं गेली आणि अडकली. ती एवढंच म्हणाली, "आत हात गेला नाही तर साफ कोण करणार?" दुकानदार म्हणाला, त्याला ब्रश मिळतो. वहिनी म्हणाली, "केस ब्रशनं निघत नाहीत हो."

माझ्या मते जाळीच्या निवडीवर याहून जास्त जाणकार मत कुठल्याच कॅटलॉगमध्ये सापडणार नाही. गेली बावीस वर्षं त्या घरातली जाळी वहिनी साफ करते. आपल्या जाळीतून काय काय जातं ते तिला ठाऊक आहे. लांब केस, खोबरेल तेल, शिकेकाई, साबणाची साय. नरक चतुर्दशीला घरातली आठ माणसं तेल आणि उटणं लावून एकामागून एक आंघोळीला जातात, तो प्रत्येक जाळीच्या परीक्षेचा दिवस. त्यात आमच्याकडे बोअरचं पाणी जड. बादलीवर, नळावर, टाइलवर पांढरा थर चढतो, तसा तो जाळीच्या भोकांवरही चढतो. अर्ध्या बोटाची फट या पाण्यात वर्षभरात किती उरेल? ज्या जाहिरातीत ती टाइलची अदृश्य जाळी दिसते, तिथल्या बाथरूममध्ये बहुधा कुणी उटणं लावत नसावं.

आम्ही सहा इंचांची, चौकोनी, साधी स्टीलची जाळी घेतली. जाड पत्र्याची. स्क्रू नसलेली, बोटानं उचलता येईल अशी. खालचा ट्रॅप खोल, आणि आतली वाटी बाहेर काढून धुता येते. एवढं ठरल्यावर टाइल आपोआप ठरली. आंघोळीच्या भागात एक बाय एकच्या, खरखरीत. लहान टाइल उताराबरोबर वळते, आणि तिच्या सांध्यांमुळे पायाला पकडही मिळते. दादाच्या आवडीची मोठी टाइल भिंतीवर लागणार आहे. भिंतीवरून कुणी घसरत नाही.

आता जागेबद्दल. इथे आईला विचारलं. आई उभ्यानं आंघोळ करत नाही. ऑपरेशननंतर तर नाहीच. तिला प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून, शेजारी बादली ठेवून, तांब्यानं पाणी घ्यायचं असतं. शॉवर ती नातवंडांसाठी आहे असं मानते. आम्ही तिला मोकळ्या बाथरूममध्ये स्टूल देऊन बसवलं (कपडे वगैरे सगळं घालून, अर्थात) आणि म्हटलं, आंघोळ करून दाखव. बादली कुठे, साबण कुठे, पाय कुठे, उठताना हात कुठे टेकतो, सगळं खडूनं फरशीवर आखून घेतलं.

त्यातून कळलेली गोष्ट कुठल्याच मिस्त्रीनं सांगितली नव्हती. नेहमीप्रमाणे जाळी नळाखाली बसवली असती, तर त्यावर बादली बसली असती. भरलेली बादली जाळीवर ठेवली की जाळी बंद! मग पाणी साठतं, पायाशी तळं होतं, बादली सरकवावी लागते, आणि सत्तरी ओलांडलेल्या बाईनं भरलेली बादली बसल्या जागेवरून सरकवणं म्हणजे पडायला आमंत्रणच. दुसरं, जाळी पायाखाली आली तर स्टुलाचा एक पाय तिच्यावर येतो आणि स्टूल डुगडुगतं. म्हणून नळ उजव्या भिंतीला, बादली त्याखाली, आणि जाळी समोरच्या बाहेरच्या भिंतीच्या डाव्या कोपऱ्यात. पाय नाहीत, बादली नाही, स्टूल नाही, असा तो एकच कोपरा उरला होता. बाहेर बोळात चेंबरही त्याच बाजूला आहे.

प्लंबरचं म्हणणं साहजिकच वेगळं होतं. जुना पाइप आहे तिथेच जाळी ठेवली तर काम सोपं. पाइप हलवायचा म्हणजे कोबा फोडायचा, वॉटरप्रूफिंग नव्यानं करायचं, दोन-तीन दिवस जास्त, खर्च जास्त. त्याचं खोटं नाही. वरच्या मजल्यावर तर हा मुद्दा आणखी वजनदार आहे, कारण तिथे फरशीखाली जागाच मोजकी. तीन इंची पाइपालाही उतार लागतो. चाळीस फुटांना एक फूट धरला तरी पाच फूट सरकवल्यावर दीड इंच उंची त्यातच जाते. स्लॅब पुरेसा खोल नसेल तर ती उंची आणणार कुठून? अशा ठिकाणी जाळी हलवण्याऐवजी आंघोळीची जागाच जाळीकडे सरकवावी. नळ आणि शॉवर हलवणं त्यामानानं सोपं असतं. आमचं बाथरूम तळमजल्याचं, खाली जमीन. त्यामुळे फोडायला भीती नव्हती.

आणि खर्चाचं म्हणाल, तर जो माणूस शॉवरसाठी मागेपुढे बघत नाही, त्यानं पाइपाच्या दोन लांब्यांवरून घासाघीस करू नये. शॉवर पाच वर्षांनी बदलता येतो. जाळीची जागा कोब्याखाली गाडली जाते. ती पुढच्या मोडतोडीपर्यंत तशीच राहणार, आणि तोवर आपणही सत्तरीला आलेलो असू.

आपल्या भागातल्या माणसांना तर हे सांगावं लागू नये. १८८० च्या दशकात नीरा डावा कालवा आला आणि बारामती-इंदापूरच्या कोरड्या माळावर ऊस उभा राहिला. पाणी आलं त्याचं कौतुक झालं, आणि ते व्हायलाच हवं. पण काही वर्षांतच कालव्याखालच्या चांगल्या चांगल्या जमिनी चिबडायला लागल्या, वर मीठ फुटायला लागलं, कारण आलेलं पाणी जायला वाट नव्हती. मग चर खणावे लागले. आजही क्षारपड जमीन सुधारायची तर निचऱ्यापासूनच सुरुवात करावी लागते. ज्याच्या शेतात चिबड आहे, त्याला निचरा म्हणजे काय ते विचारा. तोच शेतकरी घरी बाथरूम बांधताना मात्र पाणी कुठून येणार एवढंच बघतो. टाकी केवढी, गीझर केवढा, प्रेशर किती.

जाळीतून गेलेलं पाणी नाहीसं होत नाही, हेही आपल्याइतकं कुणाला माहीत असणार? बारामतीचं सांडपाणी उताराला लागलं की त्याची वाट कऱ्हेकडे. कऱ्हा सोनगावला नीरेला मिळते आणि नीरा पुढे इंदापूर तालुक्याच्या टोकाला, नीरा नरसिंहपूरला, भीमेला. म्हणजे माझ्या माहेरचं पाणी माझ्या आजोळच्या तालुक्यातून पुढे जातं. आणि पुण्यातलं? मी राहते तिथलं पाणी मुळा-मुठेतून भीमेत, आणि भीमेतून उजनीच्या जलाशयात, म्हणजे पुन्हा इंदापूरच्याच दारात. उजनीकाठच्या लोकांनी पाण्याचा तो हिरवा रंग आणि तो वास वर्षानुवर्षं पाहिला आहे. पुण्याची मोरी उजनीत उघडते, असं मामा म्हणतात, आणि त्यावर मला उत्तर देता येत नाही.

एका घराच्या जाळीनं नदी सुधारणार नाही, हे मलाही कळतं. पण खेड्यात, मळ्यात, जिथे गटार नाही तिथे आंघोळीचं पाणी वेगळं काढून शोषखड्ड्यात किंवा केळीच्या आळ्यात सोडता येतं. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावानं (आपल्या शेजारचं, सोलापूर जिल्ह्यातलं टेंभुर्णी नव्हे) घरोघरी शोषखड्डे करून रस्त्यावरचं सांडपाणी आणि त्याबरोबरचे डास घालवले, ते गेल्या दशकात पुष्कळ गाजलं होतं. हे करायचं तर आंघोळीचं पाणी आणि संडासाचं पाणी फरशीखालीच वेगवेगळ्या पाइपांनी निघायला हवं. तोही निर्णय जाळीबरोबरच, कोबा भरायच्या आधी घ्यावा लागतो. आमच्याकडे बोळात चिंचोळी जागा आहे. तिथे आईला अळू लावायचं आहे. आंघोळीचा पाइप आधी तिकडे, आणि जास्तीचं पाणी चेंबरला, असं चाललंय. साबण जरा जपून वापरावा लागेल, पण तिला ते चालेल म्हणते.

काम कुठवर आलंय ते सांगून थांबते. जुनी फरशी निघाली. पाइप नव्या कोपऱ्यात गेला. कोबा भरताना मिस्त्रींना उताराचा कागद दिला: आंघोळीच्या चार फुटांत लांबीला फुटाला दोन सूत, रुंदीला फुटाला एक सूत, आणि दाराकडच्या चार फुटांत फुटाला एक सूत. म्हणजे दारापासून जाळीपर्यंत सगळी मिळून दोन इंचांच्या थोडं वर उतरंड. दाराला उंबरठा नाही, नुसती ग्रॅनाइटची सपाट पट्टी. मिस्त्री म्हणाले, "ताई, एवढं कुणी लिहून देत नाही." पण पाणसळ लावून त्यांनी ते सुतासुतानं केलं.

मग टाइलच्या आधी, नुसत्या कोब्यावर, जाळी कापडानं बंद करून दोन दिवस पाणी भरून ठेवलं. बाहेरच्या भिंतीला ओल आली नाही. कापड काढल्यावर पाणी गेलं, आणि सगळे वाकून बघत बसलो. एका ठिकाणी, खिडकीखाली, तळहाताएवढं पाणी राहिलं. मिस्त्री काही बोलायच्या आत वहिनीनं खडूनं त्याभोवती गोल काढला. तेवढा भाग परत केला.

टाइल्स बसवायला माणूस सोमवारी येतोय. ज्यांच्याकडे असं काम निघालं असेल त्यांनी दुकानात जायच्या आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला रिकाम्या बाथरूममध्ये स्टूल देऊन बसवावं, आणि जाळी साफ करणाऱ्याचा हात मोजून घ्यावा. मामांकडेही दिवाळीनंतर फरशी पुन्हा काढायचं ठरतंय. मामींनी खडू आत्ताच आणून ठेवलाय.